मदत कुणाच्या खात्यावर जमा होते?

ऑक्टोबर १९९९ पासून पुढची चार वर्षं उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीवरच्या एका अभ्यासासाठी गावोगाव बायकांची नोंदणी चालली होती. गावांचे ५२ पुंजके करून ते चार गटांत वाटले होते. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात आल्या. कुठल्या गटाला हा कर्करोग ज्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, कुठल्या गटाला पॅप स्मिअर म्हणजे पेशींची तपासणी आणि कुठे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांची तपासणी झाली नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची माहिती आणि तपासणी कुठे होते ते त्यांना सांगितलं, एवढंच. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता. सोबत जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधल्या ल्यों इथली कर्करोग संशोधन संस्था होती. गावातलं काम मुंबईच्या टाटा मेमोरियलनं आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयानं उचललं होतं.

२००९ साली निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून दिसलं. चाचणी झालेल्या गटात ३४ बायका दगावल्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरासाठी एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. या शिफारशीमागे जो पुरावा उभा आहे, त्यात मराठवाड्यातल्या या बायकांचा वाटा मोठा आहे.

आता ज्या मोजपट्टीनं अशा संशोधनातली विषमता मोजायची पद्धत पडली आहे, ती इथे लावून बघा. श्रीमंत देशातले लोक येतात, गरीब देशातून रक्त आणि आकडे घेऊन जातात आणि पेपरवर स्वतःची नावं टाकतात, ही नेहमीची तक्रार. तिला 'पॅराशूट संशोधन' असं नावही आहे. पण या पेपरचे पहिले लेखक ल्योंला काम करणारे असले तरी भारतीय, आणि त्यांच्यामागची यादी बार्शी-मुंबईच्या मराठी आडनावांनी भरलेली. मोजपट्टी सांगते, सगळं ठीक आहे.

आणि तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत निघालं. जी चाचणी आपल्याच बायकांवर सिद्ध झाली, ती आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेहमीची झाली नाही. राष्ट्रीय कार्यक्रमाची मदार डोळ्यांनी करायच्या तपासणीवरच राहिली, आणि तीही फारच थोड्यांपर्यंत पोचली. चाचणीची किंमत हे त्याचं एक कारण आहे, आपल्या सरकारची प्राधान्यं हे दुसरं. पण मला तिसऱ्या कारणाबद्दल बोलायचं आहे. 'कुठली तपासणी चांगली' हा प्रश्न जगाचा होता. 'आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरला हे रोजच्या कामात कसं जमेल, चाचणीचा खर्च कोण देईल, आजार सापडलेल्या बाईनं उपचाराला बार्शीला किती खेपा घालायच्या' हे प्रश्न जिल्ह्याचे होते. पहिल्या प्रश्नाला पैसा होता.

तपासणी न झालेल्या गटाबद्दल पुढे अमेरिकेतल्याच एका डॉक्टरनं हरकत घेतली आणि वाद बराच गाजला. भारतात त्या वेळी तपासणी होतच नव्हती, म्हणून 'काहीच न करणं' हीच इथली प्रचलित सेवा, असा संशोधकांच्या बाजूचा युक्तिवाद होता. नियमाच्या भाषेत तो टिकतो. पण त्याचा अर्थ असा होतो की देश जितका गरीब, तितकं तिथे तुलनेसाठी कमी द्यावं लागतं. हाच गट स्वीडनमध्ये उभा करता आला नसता. संशोधन करणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूंबद्दल मला शंका नाही. बार्शीच्या त्या रुग्णालयानं ग्रामीण भागात केलेलं काम मोठं आहे. माझं म्हणणं एवढंच की लेखकांच्या यादीत आपली माणसं आली म्हणून विषमता संपत नाही. ती यादीच्या कितीतरी आधी, पैशाच्या कागदावर ठरलेली असते.

नावांचा प्रश्न क्षुल्लक आहे असं मात्र कुणी समजू नये. काँगोचे ज्याँ-जाक मुयेंबे यांची हकिगत मी अनेकांना सांगत असतो. सप्टेंबर १९७६ मध्ये, त्या वेळच्या झैरमध्ये, यांबुकू गावच्या मिशन दवाखान्यात माणसं एका अनोळखी तापानं मरत होती. किन्शासाहून या तरुण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाला तिथे धाडलं. हातमोजे नव्हते. रोग्यांचं रक्त त्यांनी उघड्या हातांनी काढलं. सुई बाहेर काढली की रक्त थांबायचं नाही, बोटं माखायची, आणि ते साबणपाण्यानं हात धुवायचे. एका आजारी बेल्जियन ननला समजावून ते तिला किन्शासाला घेऊन आले. तिचं रक्त थर्मासमधून विमानानं बेल्जियममधल्या अँटवर्पला गेलं, पुढे नमुने अमेरिकेत अटलांटाला गेले, आणि नव्या विषाणूला तिथल्याच इबोला नदीचं नाव मिळालं. त्या पहिल्या साथीत ३१८ जणांना लागण झाली, २८० मेले. पण इबोलाच्या शोधाची गोष्ट पुढे कित्येक वर्षं अँटवर्पच्या प्रयोगशाळेत थर्मास उघडण्यापासून सुरू व्हायची. रक्त कुणी काढलं, हे गोष्टीत नसायचं.

१९९५ मध्ये काँगोतल्याच किकविट शहरात साथ आली. मुयेंबेंनी बऱ्या झालेल्यांचं रक्त आठ रोग्यांना दिलं, सात वाचले. तुलनेचा गट नव्हता म्हणून बाहेरच्या शास्त्रज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मात्र किकविटमधून वाचलेल्या एकाच्या रक्तातूनच पुढे अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत एक प्रतिपिंड वेगळं केलं गेलं आणि त्याचं औषध झालं. २०१८-२० च्या साथीत पूर्व काँगोत त्याची रीतसर चाचणी झाली. त्या चाचणीच्या पेपरवर पहिलं नाव साबुए मुलांगू या काँगोच्या डॉक्टरचं आहे, मुयेंबेंचंही नाव आहे. औषधाचा परवाना मात्र अमेरिकेतल्या एका कंपनीकडे आहे.

२०१९ मध्ये मुयेंबेंनी जाहीर केलं की यापुढे रक्ताचे नमुने काँगोतच राहतील. ज्याला इबोलाचा अभ्यास करायचा असेल त्यानं इथे यावं. हे बोलायला त्यांना त्रेचाळीस वर्षं लागली. इतकी का? मला वाटतं, नमुने ठेवायला स्वतःचा फ्रीझर, तो चालू ठेवायला वीज आणि रक्तातले विषाणू तिथेच वाचू शकणारी प्रयोगशाळा असल्याशिवाय असं वाक्य कुणी बोलू शकत नाही. इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी २००७ मध्ये बर्ड फ्लूचे विषाणू जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं, कारण त्या विषाणूवरून श्रीमंत देशातली कंपनी लस करणार आणि ती इंडोनेशियाला परवडणार नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यातूनच २०११ मध्ये विषाणू आणि लशी यांच्या वाटपाची एक आंतरराष्ट्रीय चौकट तयार झाली. दोन्ही ठिकाणी बदल घडला तो हातात काहीतरी धरून ठेवता आलं म्हणून. जर्नलांच्या सौजन्यामुळे तो घडलेला नाही.

आता पैशाच्या कागदाकडे येऊ. हा भाग रुक्ष आहे, पण सगळं इथेच आहे.

२०१५ मध्ये ब्रिटननं 'ग्लोबल चॅलेंजेस रिसर्च फंड' जाहीर केला: १५० कोटी पौंड, आणि तेही परदेशी मदतीच्या खात्यातून. म्हणजे गरीब देशांना आम्ही इतकी मदत दिली, या हिशेबात हा पैसा धरला जाणार होता. पण अर्जाचं नेतृत्व साधारणपणे ब्रिटिश विद्यापीठातल्या संशोधकानंच करायचं, पैसा त्याच्या विद्यापीठात उतरायचा आणि तिथून कराराप्रमाणे युगांडा, नेपाळ, भारताकडे जायचा. त्यातून चांगली कामं झाली, हे मी नाकारत नाही. पण मदत कुणाला म्हटली गेली आणि मुख्य खातं कुणाचं होतं, यातलं अंतर लपणारं नाही. २०२१ मध्ये ब्रिटननं मदतीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आणला. सरकारी संशोधन-निधी संस्थेनं मदतीच्या पैशातून कबूल केलेल्या सुमारे २४.५ कोटी पौंडांच्या कामांसाठी १२.५ कोटीच उरले. चालू प्रोजेक्ट अर्ध्यात कापले गेले. लंडनच्या प्राध्यापकाला वाईट वाटलं असेल. त्याची नोकरी विद्यापीठात होती. इकडे तीन वर्षांच्या भरवशावर घर सोडून फील्डवर आलेल्या माणसाला पुढच्या महिन्याचा पगार नव्हता.

दुसरी गोष्ट ओव्हरहेडची. कुठल्याही ग्रँटमध्ये प्रत्यक्ष कामाच्या खर्चावर काही टक्के रक्कम संस्थेला मिळते. वीज, इमारत, हिशेबनीस, नैतिकता समितीचं कार्यालय, जनरेटरचं डिझेल हे सगळं त्यातून चालतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ग्रँटमध्ये तिथल्या विद्यापीठांचे दर वाटाघाटीनं ठरतात. पन्नास टक्क्यांच्या वरचे दर सर्रास आहेत. हार्वर्डचा २०२५ मध्ये ६९ टक्के होता. परदेशी संस्थेला त्याच ग्रँटमधून मिळत आले आठ टक्के, मग ती युगांडातल्या कंपालातली असो, मलावीतल्या लिलाँग्वेतली असो की वर्ध्यातली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनं आपल्या विद्यापीठांनाही १५ टक्क्यांची मर्यादा घालायचं जाहीर केलं, तेव्हा तिथली मोठमोठी विद्यापीठं कोर्टात गेली. इतक्या कमी पैशात प्रयोगशाळा बंद पडतील, असं ती म्हणाली. त्यांचं बरोबरच होतं. पण मग ज्या शहरात दिवसातून दोनदा वीज जाते, तिथली प्रयोगशाळा आठ टक्क्यांत वर्षानुवर्षं कशी चालली असेल, हा प्रश्न त्यांना आधी कधी का पडला नाही?

'गरीब देशांतल्या संस्थांची क्षमता कमी पडते, म्हणून पैसा आमच्यामार्फत द्यावा लागतो', हा देणाऱ्यांचा सगळ्यात गंभीर मुद्दा. तो करदात्याच्या पैशाच्या जबाबदारीशी जोडलेला आहे, म्हणून त्याला उडवून लावता येत नाही. पण क्षमता म्हणजे काय? तीन माणसांचं नीट लेखा कार्यालय, ग्रँट लिहिता येणारी दोन माणसं, चालू फ्रीझर आणि प्रोजेक्ट संपल्यावरही टिकणाऱ्या नोकऱ्या. हे सगळं ओव्हरहेडमधून उभं राहतं. क्षमता नाही म्हणून ओव्हरहेड नाही, आणि ओव्हरहेड नाही म्हणून क्षमता नाही, असं हे रहाटगाडगं आहे.

याचा परिणाम शेवटी कुठे दिसतो, ते मी जवळून पाहिलं आहे. काही वर्षं मी परदेशी पैशावर चाललेल्या एका सर्व्हेत प्रश्नावलीचं मराठी करायचं आणि मुलाखती घेणाऱ्या मुलामुलींना शिकवायचं काम केलं. प्रश्नावली बाहेर तयार झालेली होती, अनेक देशांत तीच वापरायची होती, त्यामुळे प्रश्नांचा क्रम किंवा पर्याय बदलायचे नाहीत, असा नियम होता. त्यात एक प्रश्न होता: गेल्या तीस दिवसांत तुमच्या घरात किती पैसे आले? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांसमोर तो प्रश्न घेऊन आमची पोरं बसायची. ज्याला हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल मिळालेली असते, त्यातली निम्मी लग्नाच्या नाहीतर दवाखान्याच्या कर्जात गेलेली असते, हंगामात आठवड्याला खर्ची मिळते आणि टनाच्या हिशेबानं उचल फिटत राहते, त्यानं या प्रश्नाचं काय उत्तर द्यायचं? हातात आलेला पैसा हे त्याचं उत्पन्न आहे की कर्ज? बायका उसाचं वाढं विकून चार पैसे आणायच्या, त्याला फॉर्मात जागाच नव्हती.

पुढचा प्रश्न बाईच्या स्वतःच्या मजुरीचा होता. ऊसतोडीचा हिशेब कोयत्यावर चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बाईची वेगळी मजुरी कुणी मोजतच नाही, आणि तिच्यावरच्या अन्यायाचं मूळ नेमकं तिथे आहे. फॉर्म भरताना पोरं तिथे शून्य लिहायची, कारण रिकामं ठेवलं तर टॅब पुढे जात नसे. मी ते वरच्या बैठकीत सांगितलं. 'तुलनात्मकता बिघडेल' असं उत्तर आलं. सांगणारा माणूस वाईट नव्हता. त्याच्या हातातही बदल करायचा अधिकार नव्हता. पोरं मग कागदी वहीत कडेला लिहून ठेवायची: 'कोयता. उचल एवढी, फिटली एवढी.' त्या वह्या कुठल्याही डेटाबेसमध्ये गेल्या नाहीत. जे शून्य गेलं, ते कुठल्यातरी तक्त्यात 'स्वतःचं उत्पन्न नसलेल्या स्त्रिया' म्हणून बसलं असणार. पहाटे चारला उठून फडात जाणारी बाई.

ही चूक अज्ञानातून झालेली नव्हती. ते ज्ञान प्रोजेक्टमध्ये होतं. दिवसाच्या मजुरीवर मुलाखती घेणाऱ्या, स्वतः ऊसतोड्याच्या घरात वाढलेल्या एका मुलीकडे होतं. पण प्रोजेक्टमध्ये ज्ञान खालून वर जायची वाटच बांधलेली नव्हती. प्रश्न वरून खाली येतात आणि आकडे खालून वर जातात. म्हणून मला लेखकांच्या यादीवरचा सगळा भर अपुरा वाटतो. त्या मुलीचं नाव पेपरवर आलं असतं, तरी शून्य शून्यच राहिलं असतं.

प्रश्न आपला असला तर काय होतं, याची उदाहरणं आपल्याच घरात आहेत. पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना बाह्यरुग्ण विभागात दिसत होतं की किडकिडीत माणसांनाही मधुमेह होतो आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत तो लठ्ठ माणसांचा आजार. त्यातून १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू झाला. पैसा ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टचा, भागीदार साउथहॅम्प्टनचे. जन्मतः सरासरी २.७ किलोची आपली बाळं साउथहॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांपुढे सगळ्याच मापांत लहान, पण त्वचेखालची चरबी त्यांनी तुलनेनं राखलेली, हे त्यातून समोर आलं. हा प्रश्न साउथहॅम्प्टनला पडला नसता. तिथे तो रुग्ण त्यांच्यासमोर बसतच नव्हता. भागीदारी तीच, परदेशी पैसा तोच, पण प्रश्न रास्ता पेठेतल्या ओपीडीतून निघाला, आणि त्याचा पाठपुरावा करणारा माणूस दशकानुदशकं तिथेच राहिला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्यालाही फोर्ड आणि मॅकआर्थर या परदेशी फाउंडेशनांचा पैसा होता. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो छापला: ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. रुग्णालयात पोचताच येत नाही अशा ठिकाणी बाळ कसं जगवायचं, हा प्रश्न गावातून आला होता, म्हणून उत्तरही गावातल्या बाईच्या हातात देता येईल असं निघालं. २०११ मध्ये ते आशाताईंमार्फत देशाच्या कार्यक्रमात गेलं. उस्मानाबादची चाचणी आणि गडचिरोलीचा प्रयोग यांत विज्ञानाच्या दर्जाचा फरक मी करत नाही. फरक आहे तो उत्तर कुणाच्या घरी परत आलं याचा.

परदेशी मदतीनं चालणारं आणि तरीही स्थानिकांनी पुढे नेलेलं काम आफ्रिकेतही झालेलं आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या कॅप्रिसा या संस्थेत करैशा आणि सलीम अब्दुल करीम या दांपत्यानं २०१० मध्ये ८८९ बायकांवरच्या चाचणीतून दाखवलं की टेनोफोविर औषधाची जेल वापरल्यानं एचआयव्हीची लागण ३९ टक्क्यांनी कमी होते. मोठ्या चाचणीत पुढे तो परिणाम तसा मिळाला नाही, पण नवऱ्याच्या परवानगीवाचून बाईला स्वतःचं रक्षण करता येईल का, हा प्रश्न जगाच्या टेबलावर आला तो तिथल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतातल्या बायकांमुळे. त्या चाचणीतला मोठा पैसा अमेरिकेच्या युसेड या सरकारी मदतसंस्थेचा होता.

आणि इथेच माझ्या म्हणण्यातला सगळ्यात अवघड भाग येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत एका आदेशानं थांबवली. दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. ग्लेंडा ग्रे यांच्या नेतृत्वाखाली अनेक आफ्रिकी देशांतले शास्त्रज्ञ मिळून एचआयव्हीच्या लशीवर काम करत होते. युसेडची सुमारे साडेचार कोटी डॉलरची ग्रँट थेट आफ्रिकी संस्थेला मिळालेली, नेतृत्व आफ्रिकी, प्रयोगशाळा आफ्रिकी. समतेबद्दल जे जे मागितलं जातं ते सगळं तिथे होतं. पहिली चाचणी सुरू व्हायच्या बेतात असताना काम थांबवायचा आदेश आला. मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं अमेरिकी ग्रँटमधून परदेशी भागीदारांना पोटकरारानं पैसे देणं थांबवलं. १ जुलैला युसेड ही संस्थाच मिटली.

म्हणजे खातं आपलं झालं, प्रश्न आपला झाला, नावं आपली झाली, तरी तिजोरीची किल्ली परक्या सरकारकडे राहिली तर एका सहीनं सगळं संपतं. हे मान्य केल्यावर श्रीमंत देशांकडे फक्त न्याय मागत राहणं मला पुरेसं वाटत नाही. आफ्रिकी संघानं २००६ मध्ये ठरवलं होतं की प्रत्येक सदस्य देश आपल्या उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करेल. वीसेक वर्षं झाली, बहुतेक देश त्याच्या जवळपासही नाहीत. भारत तर गरीब देशांच्या रांगेत बसायलाही तयार नसतो, आणि आपला २०२०-२१ चा आकडा होता ०.६४ टक्के. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला आपल्या जिल्ह्यात कुठली तपासणी परवडेल, हे शोधायला सिएटलच्या गेट्स फाउंडेशनची वाट का बघावी लागावी? उस्मानाबादच्या चाचणीत परदेशी पैसा होता याची मला लाज वाटत नाही. तिचे निकाल हातात असताना पुढचा प्रश्न विचारायला आपण पैसा काढला नाही, याची वाटते.

त्यात आपण अडथळेही घातले. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल करून एका संस्थेनं आलेला पैसा दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, आणि प्रशासनावर खर्च करायची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पारदर्शकतेसाठी हे केलं असं सरकार म्हणतं. प्रत्यक्षात पुण्या-मुंबईच्या संस्थेला आलेल्या देणगीतला वाटा नंदुरबारच्या छोट्या संस्थेला रीतसर देऊन तिला सोबत घ्यायची वाट बंद झाली. मोठ्या संस्थेनं स्वतःची माणसं अक्कलकुव्याला पाठवायची आणि छोट्या संस्थेच्या कार्यकर्त्यानं त्यांना वाट दाखवायची, एवढंच उरलं.

म्हणजे पॅराशूट इथेही उतरतं. मेळघाटातल्या कुपोषणावर किती पीएचड्या झाल्या, आणि त्यांतल्या किती कोरकू मुलामुलींच्या नावावर आहेत? मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या घरी पुण्या-मुंबई-दिल्लीचे किती संशोधक जाऊन आले, आणि त्या विधवांना सर्व्हेचा निकाल कुणी परत जाऊन सांगितला? दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली: आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी. आमच्याकडे यायचं तर आधी आमच्याशी बोला, जे सापडेल ते आम्हाला परत सांगा. आपल्याकडच्या एखाद्या आदिवासी ग्रामसभेनं उद्या असं पत्रक काढलं, तर आपली विद्यापीठं ते किती गंभीरपणे घेतील, याबद्दल मी आशावादी नाही. पण ते निघावं असं मनापासून वाटतं. वनहक्क आणि पेसा कायद्यांनी ग्रामसभेला जंगलाबद्दल आवाज दिला. गावातून नेल्या जाणाऱ्या माहितीबद्दलही तो असायला हवा.

व्हिसाबद्दल आणि जर्नलांच्या फीबद्दल खूप लिहिलं जातं, म्हणून मी एवढंच म्हणेन की २०२२ मध्ये माँट्रिअलला भरलेल्या एड्स परिषदेत आफ्रिकेतल्या कित्येक प्रतिनिधींना व्हिसा मिळाला नाही, आणि 'नेचर'मध्ये सर्वांना मोफत वाचता येईल असा पेपर छापायची फी २०२० मध्ये साडेनऊ हजार युरो जाहीर झाली होती. ही दारं महत्त्वाची आहेत. पण ती घराची शेवटची दारं आहेत. घर कुणाच्या जमिनीवर बांधलं, हे त्याआधी ठरलेलं असतं.

सिएरा लिओनमधल्या केनेमा रुग्णालयाचे डॉ. शेख हुमर खान २०१४ च्या साथीत इबोलानंच गेले. त्या साथीतल्या विषाणूची जनुकीय रचना सांगणारा पेपर ऑगस्टमध्ये 'सायन्स'मध्ये आला. त्याचे पाच लेखक तो छापून येण्याआधी या आजारानं मेले होते. खान त्यांतले एक. भागीदारीत जोखीम कशी वाटली जाते, हे त्या यादीत दिसतं. विमा, सुरक्षेची साधनं, आजारी पडल्यास उपचाराला हलवायची सोय या गोष्टी कराराच्या कितव्या पानावर असतात आणि कुणाकुणासाठी असतात, हेही बजेटचंच प्रकरण आहे.

म्हणून पुढच्या वेळी माझ्यासमोर कुणी भागीदारीचा करार ठेवला, तर लेखकांच्या यादीआधी मी बजेटचं पान उघडणार आहे. मुख्य ग्रँट कुणाच्या नावावर आहे, ओव्हरहेड दोन्हीकडे सारखा आहे का, पैसा मध्येच थांबला तर इथल्या माणसांना निदान तीन महिन्यांचा पगार राखून ठेवला आहे का, ते बघणार आहे. आणि आणखी एक ओळ मागणार आहे, जी मी आजवर कुठल्याही बजेटमध्ये पाहिलेली नाही: प्रश्नावली बनवण्यापूर्वीच्या सहा महिन्यांचा खर्च. त्या सहा महिन्यांत कुठलाही आकडा गोळा करायचा नाही. मुलाखती घेणाऱ्या मुलींनी पगारावर वस्तीत बसायचं, उचल कशी फिटते ते समजून घ्यायचं, आणि 'तीस दिवसांत किती पैसे आले' या ओळीच्या जागी काय विचारायचं ते त्यांनी लिहायचं. तिथे कोयत्याला स्वतःचा रकाना असेल, आणि त्या रकान्यात दोन माणसं वेगवेगळी मोजलेली असतील.